दिवा कुंपणाच्या बाहेर

नाई, काकू, तिथंच. तिथंच उभ्या राहा — त्या चिंचेपाशी, मोटारसायकली लावतात ना, तिथं. त्याच्या पुढं एक पाऊल नाई. — तुमच्या हातात काय आहे ते दिसून राह्यलं मले, म्हणूनच सांगून राह्यली. नारळ असता, हळदीकुंकवाचं ताट असतं, तरी एक वेळ बोलत बसली नसती. पण तो दिवा आहे. आणि या वाटेत मी बाकडं आडवं टाकून बसली आहे, ते कायले? तो दिवा त्या मशीनच्या खोलीत जाऊ नये म्हणून. बस, एवढंच. — मालकांनं, तुमच्या घरधन्यांनं, पाठवलं तरी नाई. मुहूर्त टळला तरी नाई. — रागावल्या? रागावा ना, खुशाल रागावा, फक्त तिथूनच रागावा.

आणि हो, काच मीच फोडली. तुमी विचारायच्या आधीच सांगते, नाईतर ते दाराशी पडलेले तुकडे पाहून म्हणाल, पोरीले काही झपाटलं. बॅनरचा बांबू घेतला आणि खोलीची वरची दोन्ही तावदानं फोडली. नवी होती, माहीत आहे. नवमीच्या दिवशी काच फुटली, अपशकुन झाला — हेही माहीत आहे, गुरुजींनी सांगितलं मले, लांबूनच सांगितलं, गेटकडं पळता पळता. पण तावदानं एसीसाठी चिकटवून टाकलेली, उघडत नव्हती, आणि जे आत साठून राह्यलं होतं ते वर जाते, काकू — छताले जाऊन चिकटते. ते खालच्या दारानं जात नाई. त्याले वरूनच वाट पाहिजे. आता वाट द्यायची की शकुन सांभाळायचा? मी वाट दिली.

तुमी मले हैदराबादची पोरगी म्हणता. मी मशीन बसवायले आली त्या दिवशी मिलच्या मिस्त्रीच्या, गोपालभाऊच्या हाती निरोप पाठवला होता तुमी — त्या हैदराबादच्या पोरीले ज्वारीची भाकर चालते का, विचारा. मी हसली होती. माझं गाव इथून पुढं, पैनगंगेच्या अलीकडं. बाप कापूस-ज्वारीच करते. तुमच्या या मिलमध्ये आमच्या घरची सरकी आली असेल कितीदा. आणि पाटीवर पहिलं अक्षर मी बासरले गिरवलं, सरस्वतीच्या पायाशी बसून, बापाच्या मांडीवर. पुढं शिकलीही बासरलेच. म्हणजे देवी मले नवी नाई. पूजेचं वावडं आहे, देवाधर्माची चीड आहे, हैदराबादले जाऊन डोकं फिरलं — हे जे आता ऑफिसात बोलून राह्यले असतील ना, ते खोटं आहे. आमच्या घरी आज माझा पाना, माझं मीटर, सारं पाटावर मांडलं असेल मायनं. जुनं मीटर. नवं, गॅस मोजायचं, इथं आणलं आहे.

— हां, ऐकू आलं ना तुमाले? टी, टी, टी. तेच ते. खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आहे, दोरी बांधून खिडकीत सोडलं, मी आत गेली नाई. मी हट्टी आहे, वेडी नाई. ते बोंबलून राह्यलं म्हणजे आत अजून गॅस आहे.

कोणता गॅस म्हणता? तुमच्या स्वयंपाकघरातला नव्हे. स्वयंपाकघरातल्याले वास असते, तो वास कंपनीवाले मुद्दाम घालतात — तुमाले कळावं म्हणून घालतात, नाईतर त्यालेही वास नसते. याले कोणी घातला नाई. हायड्रोजन आहे हा. याले वास नाई, रंग नाई, आणि काकू, हा पेटला तर दिवसाच्या उजेडात याची आगही दिसत नाई. नीट ऐका — आग लागलेली दिसत नाई. माणूस हात पुढं करते आणि हात भाजते, तेव्हा कळते. आणि बंद खोलीत पेटला तर हात भाजण्यावर भागत नाई. मग भिंतच येते अंगावर.

तुमी म्हणाल, मग असला राक्षस आणला कायले मिलमध्ये? बरोबर आहे. हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो, कोणी विचारत नाई. सारे विचारतात, फोटो कुठं काढायचा.

तर ऐका. या मशीनच्या पोटात एक ज्योत असते. ज्वारीच्या दाण्याएवढी. गोपालभाऊनं तुमाले सांगितलंच असेल, त्याले फार कौतुक त्या ज्योतीचं — रात्रंदिवस तेवते, अखंड दिव्यासारखी. ती हायड्रोजनवर तेवते. आणि तिकडं तारेच्या कुंपणामागं प्लांट आहे ना, सरकीच्या पेंडीतून साल्वंटनं — पेट्रोलसारखं पातळ, तसंच पेटणारं असते ते — तेल काढतात, तिथली हवा बारीक नळ्यांतून ओढून ही मशीन त्या ज्योतीवरून नेते. हवेत साल्वंट मिसळलेलं असलं की ज्योत चुगली करते. इकडं आकडा चढते, तिकडं भोंगा वाजते, बाया बाहेर. एवढंच काम तिचं. चुगली करायची. माणसं करत नाईत म्हणून मशीन आणावी लागते.

आणि पाहा, त्या तारेच्या कुंपणाच्या आत जाताना काय करतात? गेटवर आगपेटी काढून घेतात. मोबाईल काढून घेतात. बिडी तर सोडाच, मागं मालकांनं, व्यंकटेशरावांनं, स्वतः एका ड्रायव्हरच्या कानाखाली काढली होती, बिडी सापडली म्हणून — गोपालभाऊ सांगत होता, रंगवून रंगवून. मग? तिथं साल्वंटची भीती साऱ्यांच्या हाडात बसलेली आहे. आणि ही खोली कुंपणाच्या बाहेर, ऑफिसच्या शेजारी, टाइल्स, एसी, पडदा — म्हणून इथं भीती नाई. इथं दिवा चालते. अरे, भीती काय कुंपण पाहून बसते का? गॅस काय विचारते, हे ऑफिस आहे का प्लांट?

म्हणून मी त्याले खोलीत ठेवलंच नव्हतं! माझं चुकलं असतं तर मी गप बसली असती. पण मी ते बाहेर ठेवलं होतं, काकू. खोलीच्या मागं, उत्तरेच्या भिंतीले, जाळीचा पिंजरा करून घेतला — वर पत्रा, पण पत्र्याखाली हातभर मोकळं, वारा इकडून तिकडं. सिलिंडर उभे, प्रत्येकाले साखळी, म्हशीले बांधतात तशी — मालक हसले होते, म्हणाले, मॅडम, पळून जाते का ते? मी म्हटलं, पळत नाई, पडते. पडलं आणि मान मोडली तर मग मात्र पळते, भिंत फोडून पळते. हायड्रोजन एका बाजूले, हवेचं सिलिंडर वेगळं, तपासायच्या गॅसचं छोटं वेगळं. पिंजऱ्यातून खोलीत फक्त एक स्टीलची नळी, पेन्सिलीपेक्षाही बारीक, भिंतीतून आरपार, मधी जोड नाई. मशीनचा उच्छ्वासही नळीनं बाहेर, छपराच्या वर. आणि सारं जोडून झाल्यावर शाम्पूची पुडी फोडली, पाण्यात फेस केला, ब्रशनं एकेका जोडाले लावला आणि उकिडवी बसून पाहत राह्यली. फुगा आला की गळती. एकही फुगा आला नाई. एक सांगू? त्या फेसाकडं पाहत बसली होती ना मी, तेव्हा जो आनंद झाला, तो मले निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. हसू नका. गोपालभाऊही असाच हसला होता — म्हणे मॅडम, शाम्पू मशीनले लावता, डोक्याले काय लावता?

मग काल मी आदिलाबादले गेली, एक जोडणी कमी पडत होती ती आणायले. परत येईपर्यंत अंधार झाला, खोलीले कुलूप, मी म्हटलं सकाळी पाहू. आणि सकाळी येऊन पाह्यते तर पिंजरा रिकामा.

रिकामा! साखळ्या नुसत्या लोंबून राह्यल्या. मले वाटलं चोरी झाली. मग खोलीच्या काचेतून पाह्यलं — तर आत आपले तिन्ही सिलिंडर उभे. पाटावर. पाटावर, काकू! अंगभर हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूचा हार, समोर रांगोळी. बाजूले वजनाचा मोठा काटा, पाने, हातोड्या, पेंडीची पोती शिवायची सुई, वेल्डिंगचा चष्मा — सारी हत्यारं हारीनं मांडलेली. सुंदर मांडलं होतं. खरंच सुंदर. मी एक घडी पाहतच राह्यली, देवघर असावं तसं. आणि मग कानावर आलं — टी, टी, टी. खिशातलं मीटर बोलायले लागलं, दाराच्या फटीतून.

तुमच्याकडची रीत, खंडेनवमीले कोणतंच हत्यार उंबऱ्याबाहेर राहू नये. हो ना? तुमच्या सासूबाईंची रीत. बाहेर राह्यलेलं हत्यार वर्षभर रुसते. गोपालभाऊनं सकाळी सांगितलं मले, डोळ्यात पाणी आणून सांगितलं — मॅडम, लक्ष्मी बाहेर उन्हात कशी ठेवू, पिंजऱ्यात, चोरट्यासारखी? त्याले वाटलं मी विसरली. त्याले वाटलं, मॅडमचं काम आपण पूर्ण करून ठेवू. म्हणून त्यानं आणि दोन हमालांनं सिलिंडर काढले, आडवे करून लोळवत आणले — लोळवत! — आणि आत उभे केले. आणि पूजेत ज्योत तेवत दिसली पाहिजे, मालकाचा हुकूम, पाहुण्यांले ज्योत दाखवायची. मग नळी तर जोडलीच पाहिजे. स्टीलची नळी पुरेना. तर घरून शेगडीची ती नारिंगी रबरी नळी आणली. तुमच्याच घरून, काकू. मागच्या महिन्यात बदलली ना तुमी, तीच जुनी.

आणि तरी मी म्हणते, नळीचं एक वेळ ठीक होतं. हायड्रोजनच्या सिलिंडरचा आटा उलटा असते, माहीत आहे? तुमाले काऊन माहीत असावं — पण मुद्दाम उलटा ठेवलेला असते तो, की कोणी चुकून दुसऱ्या गॅसची नळी याले जोडू नये. सारी दुनिया जिकडं फिरवून सोडवते, तिकडं फिरवलं की हा आणखी आवळते. गोपालभाऊ फिरवत गेला. सुटेना. त्यानं मोठा पाना लावला. सुटेना. त्यानं पान्याले पाईप घातला, दोघं लटकले. आता लोखंडच ते, किती सोसणार? आटे मोडून नट तर सुटलाच, पण वरची मानही ढिली झाली, जिथं चावी फिरते ती. मग काय केलं? नळावर गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि त्यावर कुंकू लावलं.

मी सकाळी चावी फिरवून बंद करायले गेली — दार उघडून, श्वास धरून गेली — चावी फिरते, पण पुरतं बंद होत नाई. मानेतून येते. हळू येते, पण येते. रात्रभर आलं. मशीनची ज्योत आज मुहूर्तालेच पेटवायची होती, म्हणून वाचलो. म्हणून बाहेर पळाली, ऑफिसमागच्या मोठ्या बोर्डावरून खोलीची लाईनच तोडली — आतल्या बटणाले हात लावायचा नाई, बटण दाबताना आत ठिणगी पडते, डोळ्याले दिसत नाई एवढी. तेवढी पुरते त्याले. मग काच. मग बाकडं. मग बायांले गेटवर पाठवलं, त्या बिचाऱ्या तिथं फुलांची बतुकम्मा मांडून बसल्या आहेत, तंगेडूची उरलेली पिवळी फुलं तशीच टोपलीत. गॅसवाल्यांची गाडी निर्मलहून निघाली आहे. ते येतील, त्यांच्याजवळ मानेवर घालायची टोपी असते, ते घेऊन जातील. तोवर कोणी आत जाणार नाई. मीही नाई, मालकही नाई, आणि हा दिवा तर नाईच नाई. एवढी साधी गोष्ट आहे. सकाळपासून मी एवढंच सांगून राह्यली आणि सारे मले विचारून राह्यले — मुहूर्ताचं काय?

— काय म्हणाल्या? हो, बोलली मी त्यांच्याशी. मालकांशीही बोलली. म्हणाले, खिडकी फोडली ना, मग आता गेला असेल गॅस, पूजा तर दहा मिनिटांची आहे. मी म्हटलं, मग तुमी दहा मिनिटं थांबा, मीटर सांगेल तेव्हा जा. म्हणाले, मीटर तुमचं, मिल माझी. बरोबर आहे! मिल त्यांचीच. मग त्यांनी माझ्या साहेबांले फोन लावला, प्रज्वल सरांले, हैदराबादले. आणि सरांनी मले. सर म्हणाले, अगं मैत्री, कस्टमर आहे, सण आहे, जरा समजून घे, पूजेपुरतं सरक बाजूले. मी म्हटलं, सर, तुमी इथं येऊन माझ्या बाकड्यावर बसा, मग सरकते. आता कंपनीची माणूस म्हणून जे मी सांगायले पाहिजे होतं ते मी —

— होतं. बरोबर ऐकलं तुमी. सांगायले पाहिजे *होतं*. जाऊ द्या ना. — नाई, लपवून काय करू, तुमचे कान तिखट आहेत. काढलं मले. सकाळीच. फोनवरच. म्हणाले, बाजूले सरकत नसशील तर तू आता कंपनीच्या वतीनं तिथं नाईस. म्हणजे या घडीले मी इथं कोणाचीच नाई. ना तुमच्या मिलची, ना त्यांच्या कंपनीची. तुमचा जमादार आला, दंड धरून मले गेटबाहेर काढलं, तर त्याले विचारणारं कोणी नाई. मायले अजून सांगितलं नाई. तिनं गल्लीत साऱ्यांले सांगून ठेवलं आहे, आज माझ्या पोरीच्या हातानं मशीन सुरू होणार.

पण एक गंमत सांगू का? सकाळपर्यंत मले भीती होती. नोकरी जाईल का, सर काय म्हणतील, मालक चिडतील का. गेली एकदा, आणि भीतीच गेली. आता कोणी इजाजत द्यायले नाई आणि कोणी काढून घ्यायले नाई. आता फक्त ती खोली आहे, आणि मी आहे, आणि सिलिंडरची चावी माझ्या ओढणीच्या गाठीत आहे. ही पाहा. कोणाले पाहिजे असेल तर या, सोडवा.

— घरी जा म्हणता? तुमी चांगल्या मनानं म्हणून राह्यल्या, कळते मले. पोरीच्या जातीनं कशाले एवढं अंगावर घ्यावं. काकू, चंदा आठवते तुमाले? पेंड भरणारी चंदा. आठवणारच, तुमच्या अंगणातच आणून निजवली होती तिले, उन्हाळ्यात. तुमी स्वतः कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला होता, पदरानं वारा घातला होता, गोपालभाऊनं सांगितलं. साऱ्यांनी म्हटलं, ऊन लागलं. पेंडीचा शेड तो, बंद शेड — आत कुठलं ऊन?

ऊन नव्हतं, काकू.

मी आल्यावर पहिल्यांदा त्याच शेडमधून नळी टाकली. मशीन लावून पाह्यली, दोन दिवस चालवली, जेव्हा सिलिंडर त्यांच्या जागी होते तेव्हा. आकडा असा चढला, असा चढला, की मले वाटलं मशीन बिघडली. पुन्हा तपासली. मशीन बरोबर होती. पेंड नीट वाळत नाई, साल्वंट तिच्यात राहून जाते, पोत्यात भरताना वर येते आणि बाया ते दिवसभर नाकानं ओढतात. संध्याकाळी डोकं जड होते, घरी जाऊन भाकरी करवत नाई — त्या म्हणतात, काम फार झालं. चंदाचं डोकं अजून दुखते. मी जाऊन आली तिच्या घरी. तिनं मले चहा दिला तर कप हातात थरथरत होता, आणि ती म्हणते कशी — ताई, त्या दिवशी मी उपाशी होती, माझंच चुकलं.

हे मी सांगणार नव्हती. मालकांले सांगितलं आहे, ते म्हणाले, आधी पूजा होऊ द्या, मग पाहू. तुमाले सांगायचं नव्हतं, सणाच्या दिवशी, हातात दिवा असताना. निघून गेलं तोंडातून.

आता तरी कळलं? ही मशीन सुरू व्हावी असं या मिलमध्ये कोणाले सर्वांत जास्त वाटत असेल तर ते मले वाटते! मालकांले ती मुआयन्यापुरती, तपासणीवाल्यांले दाखवायले पाहिजे, गोपालभाऊले पूजेले पाहिजे, पाहुण्यांले फोटोले पाहिजे. मले ती चंदासाठी पाहिजे. आणि तिलेच आज मी अडवून बसली. काऊन? कारण जी मशीन माणसं वाचवायले आणली, तिच्याच पूजेत माणसं गेली, तर मग या मिलमध्ये पुन्हा कोणी मशीन लावणार नाई. म्हणतील, पाह्यलं? पिंजऱ्यात ठेवली, लक्ष्मी कोपली. आणि शेडमध्ये बाया पेंड भरत राहतील.

— थांबलं?

हो. थांबला आवाज.

नाई नाई नाई. थांबा! आवाज थांबला म्हणजे गॅस गेला असं नाई, काकू. मीटर खिडकीत आहे, खाली. छताखाली ते पांढरं खोटं छत घातलं आहे ना, शोभेसाठी — त्याच्या वर काय साठलं आहे ते मीटरले दिसत नाई, मले दिसत नाई, आणि देवीलेच दिसत असेल तर तिनं मले सांगितलेलं नाई. तुमी मागं सरका. चिंचेच्याही मागं. सरका ना, हात जोडते. मी सकाळपासून कोणापुढं हात जोडले नाईत.

एक विचारू? ही पूजा कोणाची? मालकांची? गुरुजींची? पाटावर जोडप्यानं बसायचं असते. तुमी नाई बसल्या तर मालक एकटे काय करतील? हा दिवा नऊ दिवस घरात तेवला — तुमी रात्री उठून तेल घातलं, वात सारली, तुमचे डोळे पाह्यले तरी कळते — आणि तो घरून इथं आणायचा मान तुमचा. तुमी नाई आणला तर इथं काही होत नाई. मी ओरडून ओरडून मेली तरी ते थांबणार नाईत, पण तुमी नुसत्या वळल्या तरी सारं थांबते. माझ्या बाकड्यात काय ताकद आहे, ते जमादार एका लाथेनं उडवेल. ताकद तुमच्या हातात आहे, आणि तुमी ती पदराआड धरून उभ्या.

आणि रीतच म्हणाल तर उंबऱ्याची काय अडचण? उंबरा म्हणजे काय, सागाचं लाकूड? बायांनी गेटवर फुलं मांडली, तिथं रांगोळीची रेघ ओढा, झाला उंबरा. पाने, हातोड्या, काटा, सारं उद्या दसऱ्याले तिथं मांडा, सोनंही तिथंच वाटा. सासूबाई रुसायच्या नाईत. त्यांच्या काळी हायड्रोजन नव्हता म्हणून त्यांनी सांगितलं नाई, नाईतर त्यांनीच सांगितलं असतं — हा मेला बाहेरच बांधा.

— हसल्या. हसल्या ना? मी पाह्यलं.

तिकडं पाहू नका. गाडीच आहे ती, मालकांचीच, पाहुणे घेऊन आले असतील. मागं दुसरीही आहे. येऊ द्या. मले काय, मी इथंच आहे. आले की मी हेच सारं पहिल्यापासून सांगीन, बाकड्यावर उभी राहून सांगीन, पाहुण्यांपुढं सांगीन, शेडचा आकडाही सांगीन. दंड धरून नेलं तर नेताना सांगीन. नोकरी एकदाच जाते.

काकू — काकू, काय करून राह्यल्या? तो पदर काऊन काढला? नाई! फुंकू नका! — नाई, मी असं म्हटलं नाई. विझवा म्हटलं का मी? कोणाले वाटेल, काढून टाकलेल्या पोरीनं येऊन घरचा दिवा विझवला. आणि तुमी? तुमाले उद्या काय ऐकावं लागेल, ठाऊक आहे ना? — तुमच्यावर घ्याल म्हणता. वारा आला, विझला, मग पूजाच नाई, मग कोणी आत जाणार नाई. खरं आहे. सोपं आहे. आणि तुमी ते माझ्यासाठी करून राह्यल्या, हेही मले दिसते.

पण नको. आज खोटं नको, काकू, वाऱ्यावरही नको. रात्रभर खोटं बोललं ना त्या पांढऱ्या टेपेनं, तेवढं पुरे झालं. कोणी विचारलं तर सांगा, दिवा नेला नाई. मी नेला नाई. बस. कारण सांगायचंही काम नाई तुमाले, कारण सांगायले मी बसली आहे इथं.

धरा पदर. धरला? नऊ दिवस तेवला, तो माझ्यापायी विझायचा नाई. गाडी गेटमधून वळायच्या आत ऑफिसच्या मागून निघा, बायांच्या मधून जा, त्या वाट देतील. सरळ घरी. — नाई, माझं काही होत नाई. जा तुमी. जा ना. आणि मागं वळून पाहू नका, वारा इकडूनच येऊन राह्यला — दिव्याले लागेल.